गोळी लागंना झालीया, म्हणजे नेमकं काय?

आमच्या आप्पांनी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, चाळीस वर्षं कोल्हापुरी साज घडवला. सात वर्षांपूर्वी त्यांचा उजवा अंगठा थरथरायला लागला आणि कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान झालं. गोळी सुरू झाल्यावर पहिली चार वर्षं इतकी बरी गेली की ते पुन्हा कामाला बसले. आता म्हणतात, "गोळी लागंना झालीया बघ." गेल्या महिन्यात कुणीतरी त्यांच्या मोबाईलवर खाजकुयलीच्या चूर्णाची जाहिरात पाठवली: 'कंपवात मुळापासून बरा'. आप्पांनी डबी मागवलीसुद्धा. म्हणून हे लिहायला बसलो.

कंपवाताचं मूळ हातात नाही, मेंदूच्या बुडाशी आहे. तिथे दोन काळसर पट्टे असतात, सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचे. तिथल्या चेतापेशी डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन बनवतात आणि हालचाल सुरू करणाऱ्या भागाला पुरवतात. अख्ख्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी, त्यात या फक्त काही लाख. पण एकेका पेशीच्या तंतूला इतके फाटे फुटतात की तिला लाखो जोडण्या सांभाळाव्या लागतात. एवढा पसारा चालवायला ऊर्जा फार लागते आणि पेशीतली ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, झिजत जातात. त्यात अल्फा-सायन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. हात थरथरू लागेपर्यंत यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. काकू सांगतात, कंप यायच्या तीन-चार वर्षं आधीपासून चटणीचा मसाला भाजला तरी आप्पांना वास येत नव्हता. वास जाणं हे या आजाराचं लवकर दिसणारं, पण दुर्लक्षित लक्षण आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. 1957 साली स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. हे औषध सर्पगंधेच्या मुळातून काढलेलं. त्याच सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली जगासमोर मांडला होता. चेतापेशीत डोपामिन बारीक पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. रेसर्पिन त्या पिशव्या भरणारा पंपच बंद करतं. पिशव्या रिकाम्या झाल्या आणि ससे कान पाडून निपचित पडले. मग कार्लसन यांनी लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून शरीरात डोपामिन बनतं ते द्रव्य, टोचलं, तसे ससे थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. 1960 मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकेविच यांनी कंपवाताने वारलेल्यांचे मेंदू तपासले, तर हालचालीच्या भागात डोपामिन जवळजवळ संपलेलं. आप्पांच्या गोळीचा, म्हणजे लेव्होडोपाच्या गोळीचा, जन्म या दोन कामांतून झाला. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं.

मग सरळ डोपामिनचीच गोळी का नाही? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पक्का पहारा असतो आणि डोपामिनला तिथे प्रवेश नाही. लेव्होडोपा मात्र अमिनो आम्ल आहे. अमिनो आम्लांना आत नेणारं एक वाहक प्रथिन असतं, त्यावर बसून ते आत जातं. पण मटण, अंडी, उसळ पचल्यावर सुटणारी अमिनो आम्लंही त्याच वाहकासाठी रांगेत उभी असतात. आप्पांची दुपारची गोळी पांढऱ्या रश्श्याच्या ताटाबरोबर जायची, आणि त्या दुपारी हात हमखास अडायचा. आतड्यातसुद्धा अशीच चढाओढ असते. वाटेतच लेव्होडोपाचं डोपामिन होऊन मळमळ होऊ नये आणि औषध वाया जाऊ नये, म्हणून गोळीत कार्बिडोपा घालतात. ते स्वतः मेंदूत शिरत नाही, त्यामुळे आतलं काम बिघडवत नाही.

आत गेल्यावर शिल्लक राहिलेल्या पेशी लेव्होडोपाचं डोपामिन करतात, पिशव्यांत भरतात आणि लागेल तसं सोडतात. रक्तातलं लेव्होडोपा दीड तासात निम्म्यावर येतं, तरी पहिली चार वर्षं तीन गोळ्यांत दिवस निघायचा, तो या कोठारामुळे. पेशी मरत गेल्या तसं कोठार आटलं. आता सेरोटोनिन हे दुसरं रसायन बनवणाऱ्या पेशीही लेव्होडोपाचं डोपामिन करतात, पण ते सोडण्यावर त्यांचा ताबा नसतो. म्हणून रक्तात औषध चढलं की अंग नको तितकं हलतं आणि उतरलं की माणूस जागीच गोठतो. गोळी तीच आहे, तिची ताकद कमी झालेली नाही. साठवणारं कुणी उरलं नाही.

आता चूर्णाबद्दल. खाजकुयलीत लेव्होडोपा आहे, हे खरं. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी 1937 सालीच ते तिच्या बियांतून वेगळं केलं होतं. म्हणजे 'मुळापासून बरं करणारं' चूर्ण हे आप्पांच्याच गोळीतलं द्रव्य, मात्रेचा पत्ता नसलेलं आणि कार्बिडोपाशिवायचं. गोळीवर चूर्णाची भर पडली की रक्तदाब घसरू शकतो, भास होऊ शकतात. त्याने एकही पेशी मरायची थांबते असा पुरावा नाही. तसा पुरावा आज कुठल्याच औषधाचा नाही, गोळीचाही नाही, आणि हे रुग्णाला स्पष्ट सांगायला हवं. मेंदूत तार बसवून विजेचे स्पंद देण्याची शस्त्रक्रिया 1987 पासून चालत आली आहे. तिने कंप आवरतो, पेशी वाचत नाहीत.

नव्या पेशी बसवण्याचे प्रयत्न मात्र खरोखर पुढे सरकलेत. 2025 मध्ये दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले, उत्तर अमेरिकेतली 12 रुग्णांची आणि जपानमधल्या क्योतोतली 7 रुग्णांची. मूळपेशींपासून (स्टेम सेल) बनवलेल्या डोपामिन पेशी मेंदूत टोचल्या होत्या. त्या टिकल्या, डोपामिन बनवू लागल्याच्या खुणा स्कॅनमध्ये दिसल्या, त्या पेशींमुळे गंभीर अपाय झाला नाही. एवढ्या थोड्या रुग्णांवरून उपचार सिद्ध होत नाही. आपल्याकडे पैसे घेऊन 'स्टेम सेलचं इंजेक्शन' देणारे याच बातम्यांची कात्रणं दाखवतात. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताचे काही आजार सोडले तर मंजूर चाचणीबाहेर असा उपचार देता येत नाही.

डॉक्टरांनी आप्पांच्या दिवसभराच्या औषधाचे पाच हिस्से केलेत आणि दुपारची गोळी जेवणाआधी पाऊण तास घ्यायला सांगितली आहे. काकू वहीत वेळा टिपतात: गोळी कधी, जेवण कधी, हात कधी अडला. पुढच्या तपासणीला ती वही आणि चूर्णाची डबी, दोन्ही बरोबर नेणार आहोत.