पार्श्वभूमी : कॉर्टिसोल वाढतं, पण कशामुळे?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली. त्यानंतर दोनच वर्षांनी लंडनमध्ये डॉ. थॉमस ॲडिसन यांनी लिहून ठेवलं, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी (अधिवृक्क ग्रंथी) बिघडल्या तर माणूस खंगत जातो. तेव्हा या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. आज मात्र ठाण्यातल्या फिजिशियनच्या वेटिंग रूममध्ये तो दिसतो. वय चाळिशीच्या आत, बीपी, ॲसिडिटी, झोपेची बोंब, आणि हातात स्वतःहून करून घेतलेला कॉर्टिसोलचा, म्हणजे याच ग्रंथींमधून ताणाच्या वेळी जास्त स्रवणाऱ्या संप्रेरकाचा रिपोर्ट.

या ग्रंथींमधलं ॲड्रेनलिन जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. संकट दिसताच ते काही सेकंदांत रक्तात उतरतं आणि शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, असं वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये मांडलं.

खरी कलाटणी १९३६ ची. माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये नवं संप्रेरक सापडेल या आशेने उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचत होते. उंदीर कापून पाहिले तर अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, थायमस (छातीतली रोगप्रतिकाराची ग्रंथी) आक्रसलेली, जठरात व्रण. मग त्यांनी अर्काऐवजी फॉर्मलिन हे दाहक रसायन टोचलं, तरी तेच. थंडीत ठेवलं, जखम केली, दमेपर्यंत पळवलं, तरी तेच. त्रास कुठलाही असो, शरीराचं उत्तर एकच, असा त्यांचा निष्कर्ष होता. शोध मोठा होता, पण माझ्या मते त्यातूनच एक नुकसान झालं. उत्तर एकच म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष शरीराकडे गेलं आणि उंदराला थंडीत ठेवतंय कोण, हा प्रश्न मागे पडला.

तो प्रश्न पुन्हा वर आणला लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासाने. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या व्हाइटहॉल पाहणीत सर्वांत खालच्या श्रेणीतल्या लोकांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट निघालं. सिगारेट, बीपी वगैरे हिशेबात धरूनही बराच फरक उरलाच. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत त्यामागचं एक कारण पुढे आलं : आपल्या कामावर आपलाच ताबा नसणं.

इथे नवी मुंबईची आठवण होणं अटळ आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये ते शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. घर आणि नोकरी जवळजवळ असावी, हा त्यामागचा एक मुख्य विचार. घरं झाली. नोकऱ्याही आल्या, पण माणूस एका टोकाला आणि त्याची नोकरी दुसऱ्या टोकाला, हे काही सुटलं नाही. बसायला जागा मिळावी म्हणून कळव्याच्या कारशेडमधून निघणाऱ्या लोकलमध्ये रुळांतून चढणारी माणसं दिवसाची सुरुवातच ॲड्रेनलिनवर करतात. ऐरोलीतल्या नाइट शिफ्टचं दुखणं वेगळंच. कॉर्टिसोल नैसर्गिकरीत्या पहाटे वाढून उठल्यावर थोड्याच वेळात शिगेला पोहोचतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. त्याच वेळी हेडसेट लावून बसायचं आणि सकाळी पडदे ओढून झोपायचं, तर शरीराचं घड्याळ एकीकडे आणि ड्यूटी दुसरीकडे. आठवड्या-आठवड्याला शिफ्ट बदलत असेल तर शरीराला जुळवून घ्यायलाही सवड मिळत नाही.

म्हणून कॉर्टिसोलला खलनायक ठरवणं मला मुळीच पटत नाही. ते नसेल तर रक्तातली साखर आणि रक्तदाब सांभाळला जात नाही. ॲडिसनचे रुग्ण ते कमी पडल्यानेच खंगत होते. ही टेस्ट मुख्यतः अशा आजारांसाठी किंवा त्याच्या उलट, कॉर्टिसोल प्रमाणाबाहेर वाढणाऱ्या कुशिंगच्या आजारासाठी आहे. रोजच्या टेन्शनचं मोजमाप एका सकाळच्या सॅम्पलमधून निघत नाही, आणि रात्रपाळी करणाऱ्याचं तर नाहीच. रिपोर्ट घेऊन जाताना डॉक्टरांना शिफ्ट कुठली, ती किती दिवसांनी बदलते, प्रवासात किती तास जातात, सलग झोप किती मिळते आणि घराचा हप्ता किती आहे, हेही सांगा. औषधाची चिठ्ठी लिहून झाल्यावर शिफ्ट बदलून मिळावी म्हणून ऑफिसला द्यायचं पत्रही मागून घ्या.