व्यसनमुक्ती केंद्रात भरती : कागद कोणते आणि सही कोणाची?

रावेरकडची एक वहिनी केळीच्या पट्ट्यातून सकाळच्या पहिल्या एसटीने केंद्रावर आली. पिशवीत आधार, रेशनकार्ड, फोटो, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. नवरा मात्र बाहेर बाकावर बसून एकच बोलत होता, "मी काय येडा शे का?" फॉर्मवरची सही हवी होती ती नेमकी त्याची.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. त्यामुळे सज्ञान माणसाची भरती शक्यतो त्याच्या स्वतःच्या अर्जावर होते आणि तशी भरती झालेल्याला घरी जायचं असेल तर तो सुटी मागू शकतो. त्याला निर्णय घेता येत नसेल, जिवाला किंवा दुसऱ्याला धोका असेल, तर त्याने नेमलेला किंवा कायद्याने ठरणारा प्रतिनिधी अर्ज करतो. त्याआधी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते. ही भरती सुरुवातीला जास्तीत जास्त 30 दिवसांची. "चार पोरं पाठवून उचलून आणू" असं सांगणाऱ्या केंद्राच्या दारातूनच परत फिरा. रुग्णाला साखळीने बांधणं याच कायद्याने बंद आहे. केंद्राची नोंदणी आहे का, तेही आधीच विचारा.

आता जायचं कुठे? सगळ्यांना भरतीची गरज नसते. पिणं वाढलंय पण दारू न मिळाल्यावर अंगाला त्रास होत नाही, अशा माणसाला मनोविकार विभागाची ओपीडी आणि समुपदेशन बऱ्याचदा पुरतं. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केस पेपर काढून सुरुवात करता येते.

पण सकाळी हात कापतात म्हणून क्वार्टर लागते, दारू सोडल्यावर आधी कधी फिट आली होती, नसलेलं दिसत होतं, असं असेल तर डॉक्टर असलेल्या ठिकाणी भरती हवीच. वणीच्या गडावर शपथ घेऊन एका दिवसात बंद केलेली दारू अशा माणसाच्या जिवावर येऊ शकते. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. भ्रम, भास आणि ताप बहुधा दुसऱ्या-चौथ्या दिवसात. शपथ घ्या, पण डॉक्टरला विचारून. हा पहिला टप्पा साधारण आठवड्या-दहा दिवसांचा.

त्यानंतर निवासी पुनर्वसन. केंद्र सरकारच्या अनुदानावर सामाजिक संस्था चालवतात ती केंद्रं आणि खाजगी केंद्रं, असे दोन प्रकार. खाजगी ठिकाणी औषधं आणि तपासण्या धरून फी किती, हे लेखी घ्या. घरी आल्यावर अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच गटाच्या सभा असतात. तिथे ना फी, ना कागद, दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

कागदांत रुग्णाचं आणि सोबतच्या नातेवाइकाचं आधार, फोटो, रेशनकार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पट्टी लागते. मधुमेह, दमा किंवा फिटचं औषध चालू असेल तर पट्टी विसरू नका. आणि वहीच्या पानावर हे लिहून न्या : काय पितो किंवा घेतो, रोज किती, किती वर्षं, शेवटचं कधी घेतलं. डॉक्टर हेच आधी विचारतात, आणि वहिनीच्या पिशवीत नेमकं हेच नव्हतं.

गांजा किंवा दुसऱ्या अमली पदार्थांचं व्यसन असलेल्यांना पोलिसांची भीती असते. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, 1985 च्या कलम 64ए प्रमाणे सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला माणूस शासकीय किंवा शासनमान्य ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडला तर ती काढून घेता येते. माहिती गोपनीय ठेवणं केंद्राला बंधनकारक आहे.

भाजीत चोरून गोळी मिसळणं मात्र बंद करा. डायसल्फिराम ही दारू सोडवायची गोळी पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो. ती गोळी त्याच्या माहितीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

जवळचं केंद्र कळत नसेल तर 14446 या टोल फ्री नंबरवर फोन लावा. वहिनीनेही बाकावर बसूनच तो लावला आणि मोबाईल नवऱ्याच्या हातात दिला.