ट्रेमध्ये जोर काढणारा किडा

ओढ्यात गप्पी मासे दिसले की पाणी चांगलं, असं पोरंच काय, मोठी माणसंही सांगतात. पण गप्पी गटारातही जगतात. हवेला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात प्राणवायू टिकतो, तेवढंच पाणी ते तोंड वर करून ओढतात. खरी खबर दगडाखाली असते.

ती काढायला अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांची जाळी पुरते. पाणी खळाळतं तिथे जाळी तळाला टेकवा, तोंड प्रवाह येतो त्या बाजूला. जाळीच्या वरच्या अंगाला उभं राहून तीन मिनिटं पायाने दगड हलवा. सापडेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये, थोड्या पाण्यात. पुढचा नमुना वरच्या बाजूला घ्या, खाली नको. आधीचा गाळ जाळीत येतो. पुरानंतर दोन-तीन आठवडे थांबा, किडे वाहून गेलेले असतात.

दोन शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या असतील तर ते स्टोनफ्लायचं, म्हणजे स्वच्छ वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या एका उडत्या किड्याचं पिल्लू. ट्रेमध्ये जरा वेळाने ते चक्क जोर काढू लागतं. प्राणवायू पाण्यातून पसरतो तो हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू. अंगालगतच्या थरातला संपला की नवा सहज पोहोचत नाही. ओढ्यात हा थर प्रवाह सतत पुसतो. ट्रेमध्ये ते काम किड्याला स्वतः करावं लागतं. त्यात २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. सांडपाण्यातले जिवाणू तोही खातात. मग उरते लाल अळी, कारण तिच्याकडे आपल्यासारखं हिमोग्लोबिन आहे.

प्राणवायू मोजणाऱ्या मीटरने हे कळत नाही का? मुलांची सहल ओढ्यावर दुपारी जाते. तेव्हा शेवाळाने पाणी प्राणवायूने भरलेलं असतं. रात्री शेवाळ प्राणवायू बनवत नाही, उलट खातं, म्हणून आकडा पहाटे कोसळतो. किड्याला मात्र प्रत्येक पहाट काढावी लागते. (एन्झाइमच्या बाटल्या ओतून नाला साफ झाला म्हणत दुपारी मीटर दाखवणाऱ्यांना पहाटे बोलवावं.)

ओढ्याला गुण बीएमडब्ल्यूपी या ब्रिटिश पद्धतीने द्या, घाण पाणी जितकं कमी सोसणारं कुळ तितके गुण जास्त: स्टोनफ्लायचं पर्लिडी कुळ १०, मेफ्लाय या पाण्यातच वाढणाऱ्या दुसऱ्या किड्याचं हेप्टाजेनिडी १०, बेटिडी ४, लाल अळीचं कायरोनोमिडी २, गांडूळवर्गीय १. बेरजेला कुळांच्या संख्येने भागा. पहिली चार कुळं मिळाली तर सरासरी ६.५, शेवटची दोनच मिळाली तर १.५. दोनशे लाल अळ्या सापडल्या तरी गुण दोनच. मुलं हमखास इथेच चारशे लिहितात.