लिटर गुणिले अंश, भागिले ८६०

पुण्यातली थंडी खोल्या तापवायला लावत नाही, पाणी तापवायला लावते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे शिवाजीनगरला पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, पाषाणकडे बऱ्याचदा त्याहूनही खाली. पण दुपारी चांगलं ऊन असतं, भिंती आणि स्लॅब ते शोषून घेतात आणि रात्री घर उबदार ठेवतात. संध्याकाळी ऊन कलताच खिडक्या लावून घेतल्या की बहुतेक घरांत पांघरुणावर भागतं. २ किलोवॅटचा रूम हीटर सलग ३ तास चालवला तर ६ युनिटं जातात, आणि तेल भरलेला हीटर घेतला म्हणून त्यात बचत होत नाही. विजेच्या एका युनिटातून दोन्हींत उष्णता तेवढीच निघते.

तेव्हा हिशोब करायचा तो अंघोळीच्या पाण्याचा. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते आणि १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणून लिटर गुणिले वाढलेले अंश, भागिले ८६०, की युनिटं मिळतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थंडीत सकाळी १८ अंशांचं धरा. अंघोळीला ४० अंश पुरतात. २० लिटरची बादली २२ अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं. उन्हाळ्यात तेच पाणी २८ अंशांचं असेल तर पाव युनिटाच्या थोडं वर. चार माणसांच्या घरात थंडीत रोजची २ युनिटं, म्हणजे महिन्याला ६०, आणि ही वाया जाणारी उष्णता न धरता. बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांना दराची पायरी चढते. गीझरची युनिटं नेमकी वरच्या पायरीवर जाऊन बसतात, त्यामुळे बचत सरासरी दराने मोजू नका. आपल्या बिलातला सर्वांत वरचा दर घ्या, त्यात वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा युनिटमागचा आकार) मिळवा आणि वर १६ टक्के वीज शुल्क धरा.

आता गीझरकडे येऊ. १५ लिटरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी असेल आणि त्यात १८ अंशांचं विसण घातलं, तर ४० अंशांचं साधारण २८ लिटर पाणी मिळतं, म्हणजे जवळपास दीड बादली. थर्मोस्टॅट ७५ वर ठेवून काही साधत नाही. टाकी जितकी कढत, तितकी तिच्यातून उष्णता बाहेर जास्त झिरपते. ५५ ते ६० ठीक. ५० च्या खाली मात्र उतरू नये, कारण कोमट साठ्यात लिजिओनेला जातीचे जंतू वाढू शकतात.

सगळ्यात जास्त वीज शेवटच्या अंघोळीला वाया जाते. गरम पाणी वरून निघतं तसं खालून गार पाणी टाकीत शिरतं, आणि बटण चालू असेल तर गीझर तेही तापवायला घेतो. शेवटचा माणूस अंघोळ करून बाहेर आला तरी पाऊण युनिट खर्चून १५ लिटर पाणी पुन्हा ६० अंशांवर जातं, आणि त्यानंतर ते कोणालाच नको असतं. चांगल्या टाकीत त्यातली काही उष्णता दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते, साध्या टाकीत फारशी नाही. शेवटच्या अंघोळीचं पाणी तापलं की आधी बटण बंद करावं आणि मगच नळ सोडावा. टाकी किती उष्णता धरते हे स्टार लेबलवर २४ तासांतल्या उष्णतेच्या गळतीच्या युनिटांत छापलेलं असतं. नवा गीझर घेताना रंग आणि आकाराच्या आधी हा आकडा वाचा.

३ लिटरचा इन्स्टंट गीझर फारसा साठा करत नाही, म्हणून त्यात गळती कमी. पण ३ किलोवॅटमध्ये २२ अंशांची वाढ हवी असेल तर मिनिटाला २ लिटरच पाणी मिळतं, म्हणजे एका बादलीला १० मिनिटं. नळ जास्त उघडला की पाणी गार येतं आणि लोकांना गीझर बिघडला असं वाटतं. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, जाड वायर आणि नीट अर्थिंग लागतंच.

पाइपाकडे कोणाचं लक्ष नसतं. पाऊण इंची पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं. गीझर आणि नळ यांत ८ मीटर अंतर असेल तर प्रत्येक वेळी २ लिटर गरम पाणी पाइपातच राहून गार होतं. अंघोळी एकापाठोपाठ उरकल्या तर हे नुकसान एकदाच होतं. बेसिनवरच्या एकदांडी मिक्सरची दांडी मधोमध राहिली, तर हात धुताना निम्मं पाणी गरम लाइनीतून ओढलं जातं. नळाला ते पोचायच्या आत हात धुऊन झालेले असतात. दांडी गार बाजूला वळवून ठेवायची सवय लावावी.

एक दोष प्लंबरच्याही लवकर लक्षात येत नाही. मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून पाणी फक्त हँड शॉवरच्या बटणाने बंद केलं, की जास्त दाबाच्या लाइनीतलं पाणी आतल्या आत दुसऱ्या लाइनीत घुसतं. गार नळ सोडल्यावर कोमट पाणी आलं किंवा गीझरला येणारा गार पाइप हाताला गरम लागला, तर शंका इथेच घ्या. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की प्रश्न मिटतो.

बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत क्षार हा मोठा शत्रू. तापल्यावर कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळलेलं राहत नाही, एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या सळीवर, पांढरट कवच धरतं, आणि ६० अंशांच्या वर हे आणखी वेगाने होतं. शॉवरच्या जाळीत खपल्या दिसल्या किंवा तापताना टाकीतून कडकड आवाज आला, तर ते कवचच समजा. विजेच्या गीझरमध्ये याने बिल फारसं वाढत नाही, कारण एलिमेंट पाण्यात बुडालेला असतो आणि उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण कवचाखाली एलिमेंट अति तापून जळतो आणि टाकीत पाणी कमी मावतं. मेन स्विच बंद करून, पाणी काढून, तंत्रज्ञाकडून एलिमेंट बाहेर काढून घ्यावा. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून त्यात तो रात्रभर ठेवला की कवच सुटतं. चाकूने खरवडू नये. त्याच वेळी मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी, पाहावा. तो झिजून तारेपुरता उरला असेल तर बदलावा, नाहीतर त्याच्यानंतर टाकी गंजायला लागते. गॅस्केटही नवा घालावा.

गॅस गीझरमध्ये मात्र क्षार थेट पैसे खातात. जुन्या वाड्यांतल्या तांब्याच्या बंबासारखंच आहे हे: जाळ एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये क्षारांचा थर आला की उष्णता धुरांड्यातून निघून जाते. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून, गीझरची कार्यक्षमता ८० ते ८५ टक्के धरली, तर साधारण १५० युनिटांइतकी उष्णता पाण्याला मिळते. सिलिंडरच्या किमतीला १५० ने भागा आणि विजेच्या वरच्या दराशी ताडून बघा, स्वस्त काय ते तिथेच कळेल. पण हा गीझर बाथरूमच्या आत कधीही लावू नका. बंद जागेत हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. माणूस कडी लावलेल्या खोलीत बेशुद्ध पडतो, हाक मारायलाही वेळ मिळत नाही. गीझर ड्राय बाल्कनीत, उघड्या हवेत, आणि तिथून फक्त पाइप आत.

सौर बंब असेल तर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून ३० अंशांच्या आसपास कललेलं हवं. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, सपाट ठेवलेल्या पॅनेलला त्याचं ऊन तिरपं लागतं. वरून खाली येणारा ३० मीटर पाइप म्हणजे ७-८ लिटर गार पाणी. ते वाहू देण्यापेक्षा बादलीत धरून कपड्यांना वापरावं आणि गच्चीवरच्या उघड्या पाइपावर फोमची नळी चढवावी. ढगाळ दिवसांसाठी सौर टाकीतच विजेचा एलिमेंट बसवायची पद्धत आहे, ती महाग पडते. २०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायचं तर साडेचार युनिटांहून जास्त जातात, आणि आपल्याला हवं असतं २ युनिटांचं पाणी. त्याऐवजी सौर लाइन बाथरूममधल्या लहान गीझरमधून पुढे न्यावी. पाणी आधीच ४५ अंशांचं आलं तर तो ५५ पर्यंतचे फक्त उरलेले १० अंश चढवतो.