हुकौ: चीनच्या आजच्या दुखण्यांमागची एक छोटीशी नोंदवही

चीनबद्दलच्या बातम्या आपल्यापर्यंत सुट्या सुट्या येतात. एव्हरग्रांड ही बडी बिल्डर कंपनी बुडाली, तरुण पोरांना नोकऱ्या नाहीत, लोकसंख्या कमी व्हायला लागली, लोक पैसे खर्च करायला तयार नाहीत. मी बरीच वर्षं हे वाचतोय आणि यातलं कुठलंही एक टोक धरून मागे जात गेलं की बहुतेक वेळा एकाच वस्तूपाशी येऊन थांबतो, ती म्हणजे हुकौची वही.

हुकौ म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद. रेशनकार्ड, जन्मदाखला आणि रहिवासी दाखला हे तिन्ही एकात कोंबले तर जे तयार होईल तसं काहीतरी. जानेवारी १९५८ मध्ये याचा कायदा झाला आणि प्रत्येकाच्या नावापुढे दोन गोष्टी लागल्या, नोंद कुठल्या गावची आणि माणूस शेतकरी का बिगरशेतकरी. हे जन्मावर ठरायचं आणि आईकडून यायचं, म्हणजे बाप शहरातला पण आई खेड्यातली असेल तर पोर खेड्यातलंच. हा नियम थेट १९९८ पर्यंत चालला.

हे का केलं तर कारखाने उभारायचे होते. १९५३ पासून सरकार शेतकऱ्यांकडून ठरलेल्या कमी भावात धान्य उचलत होतं आणि त्यावर शहरातला कामगार जेवत होता. शेतकरी उठून शहरात आला तर पिकवणार कोण आणि रेशनवर एक तोंड वाढणार, म्हणून त्याला जागच्या जागी बांधून ठेवायचं. कायदा झाला त्याच वर्षी, १९५८ मध्ये, माओची ‘मोठी झेप’, म्हणजे शेती आणि कारखाने झपाट्याने वाढवायची मोहीम, सुरू झाली आणि १९५९ ते ६१ चा भयंकर दुष्काळ आला. दुष्काळ म्हणतात पण धान्य उचलून नेल्यामुळे पडलेला तो उपासमारीचा काळ होता. आकड्यावर वाद आहेत, कमीतला अंदाज दीड कोटी मृत्यूंचा आणि बरेच अभ्यासक तीन कोटी किंवा त्याहून जास्त सांगतात. यातली बहुतांश माणसं खेड्यातली होती, ज्यांनी धान्य पिकवलं तीच, कारण शहरी हुकौवाल्याला रेशन होतं आणि खेड्यातल्याला नव्हतं. वर त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत शहरांवरचा भार कमी करायला सुमारे दोन कोटी लोकांना परत खेड्यात पाठवलं. हे वाचून झालं की ती वही नुसता कागद वाटत नाही.

मग १९७८ ला आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग गावात १८ कुटुंबांनी गुपचूप अंगठे उमटवून सामूहिक शेती आपसात वाटून घेतली, पुढे सरकारनेच ती पद्धत देशभर स्वीकारली. धान्य वाढलं, शेतात एवढ्या हातांची गरज उरली नाही. तिकडे १९८० मध्ये शेन्झेन विशेष आर्थिक क्षेत्र झालं होतं आणि कारखान्यांना माणसं हवी होती. तेव्हा दार उघडलं पण अर्धंच. या, काम करा, डॉर्मिटरीत झोपा, पण हुकौ गावाकडचाच राहील, म्हणजे मुलाला सरकारी शाळा, दवाखान्याची सवलत, पेन्शन यातलं काही शहर देणार नाही. या लोकांना नोंगमिनगोंग म्हणतात, म्हणजे शेतकरी-कामगार, आणि वीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसालाही तेच नाव. आजही त्यांची संख्या ३० कोटींच्या आसपास आहे.

शहरात राहायला तात्पुरता परवाना लागायचा, तो नसला तर पोलीस उचलून कोठडीत टाकायचे आणि गावी पाठवायचे. मार्च २००३ मध्ये ग्वांगझौमध्ये सुन झिगांग नावाच्या २७ वर्षांच्या डिझायनरला असंच उचललं. हुबेईचा मुलगा, कॉलेज शिकलेला, नोकरी असलेला, फक्त परवाना जवळ नव्हता. तीन दिवसांत कोठडीतल्या मारहाणीत तो गेला. सदर्न मेट्रोपोलिस डेली या तिथल्याच पेपरने ते छापलं, लोक भडकले, कायद्याच्या तीन अभ्यासकांनी थेट संसदेकडे अर्ज केला आणि जूनमध्ये सरकारने उचलून कोठडीत टाकायची ती पद्धत रद्द केली. चीनमध्ये पेपर, वकील आणि सामान्य माणूस एकत्र आले आणि नियम बदलला असं फार कमी वेळा झालंय, म्हणून ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. आज तसं छापायला तिथे जागाच उरलेली नाही.

आता पैशाची बाजू. १९९४ मध्ये करवाटप बदललं, करांचा मोठा वाटा केंद्राकडे गेला पण शाळा, दवाखाने, रस्ते हा खर्च स्थानिक सरकारांच्याच गळ्यात राहिला. त्यामुळे कुठल्याही महापालिकेला नवीन माणसाला हुकौ देणं म्हणजे खर्च वाढवून घेणं. आणि कमाईसाठी त्यांना सापडली जमीन. शहरातली जमीन सरकारची, खेड्यातली गावाच्या सामूहिक मालकीची आणि ती बिगरशेती करण्याचा अधिकार तेव्हा फक्त सरकारला होता, मग शेतकऱ्याकडून थोडक्यात घ्यायची आणि बिल्डरला लिलावात महाग विकायची. १९९८ ला नोकरीसोबत मिळणारी घरं बंद झाली, मग सगळा देश फ्लॅट घ्यायला लागला, कारण मुलाचं लग्न आणि शाळेचा प्रवेश दोन्ही घराला बांधलेलं आणि साठवलेला पैसा ठेवायला दुसरी भरवशाची जागा नाही. बिल्डर बांधायच्या आधीच पैसे घ्यायचे आणि त्यातून पुढची जमीन घ्यायचे. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर ‘तीन लाल रेषा’ आखल्या, म्हणजे तीन मर्यादा घातल्या, आणि हे चक्र अडकलं, डिसेंबर २०२१ मध्ये ३०० अब्ज डॉलरहून जास्त देणी असलेली एव्हरग्रांड डिफॉल्ट झाली, २०२२ च्या उन्हाळ्यात कित्येक शहरांत लोकांनी अर्धवट इमारतींचे हप्ते भरायला नकार दिला.

माझ्या मते या सगळ्याची सगळ्यात जड किंमत पोरांनी दिली. आईबाप शहरात, पोरं गावी आजीआजोबांकडे. २०१३ मध्ये चीनच्या महिला महासंघाने अशी मुलं ६ कोटींहून जास्त असल्याचा अंदाज दिला होता. शहरात सोबत नेलं तरी गाओकाओ, म्हणजे आपल्या बारावी आणि प्रवेशपरीक्षेसारखी ती एकच मोठी परीक्षा, ती सहसा हुकौच्या प्रांतातच द्यावी लागते, म्हणून हायस्कूलच्या तोंडावर पोरगं परत गावी. कित्येक मुलं आईबापाला वर्षातून एकदा नववर्षाच्या सुट्टीत भेटतात. शिवाय एक मूल धोरणाच्या काळात जादाच्या मुलाला बऱ्याच ठिकाणी दंड भरेपर्यंत हुकौच मिळायचा नाही. २०१० च्या जनगणनेत अशी सुमारे १ कोटी ३० लाख माणसं निघाली ज्यांची कुठेच नोंद नव्हती, शाळा नाही, रेल्वेचं तिकीट नाही. त्यांना नोंदवून घ्या असा आदेश निघायला जानेवारी २०१६ उजाडलं, आणि सहा वर्षांनी, २०२२ मध्ये, त्या उपासमारीनंतर पहिल्यांदाच चीनची लोकसंख्या घटली.

सुधारणा झाल्याच नाहीत असं नाही. २०१४ मध्ये शेतकरी-बिगरशेतकरी हा भेद कागदावरून काढायचं ठरलं, १० कोटी लोकांना शहरी हुकौ द्यायचं लक्ष्य ठेवलं, लहान शहरांनी दारं उघडली. पण काम आहे बीजिंग, शांघायमध्ये आणि तिथे हुकौ द्यायचा का हे ठरवायला शिक्षण, घर, विमा यावर पॉइंट मोजतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये बीजिंगच्या दाशिंग भागात आगीत १९ जण गेले, त्यानंतर सुरक्षेच्या नावाखाली ऐन थंडीत हजारो स्थलांतरितांच्या खोल्या रिकाम्या केल्या. २०२० च्या जनगणनेत नोंदीच्या जागेपासून दूर राहणारे लोक ३७ कोटींच्या वर होते.

आणि जे पहिल्या लाटेत आले ते आता म्हातारे झालेत. नोंगमिनगोंगचं सरासरी वय ४३ च्या पुढे गेलंय. शांघायने २०१९ मध्ये साठीच्या वरच्या पुरुषांना आणि पन्नाशीच्या वरच्या बायकांना बांधकामावर घ्यायचं नाही असा नियम केला, नंतर इतर शहरांतही तसे नियम आले. ज्यांनी ते टॉवर बांधले त्यांनी जायचं कुठे तर हुकौ जिथला तिथे, गावी, आणि गावाकडच्या पेन्शनची सरकारने ठरवलेली किमान रक्कम २०२४ मध्ये होती महिन्याला १२३ युआन, म्हणजे साधारण चौदाशे रुपये.