साहेबाचे ओटे आणि हेलियमचं गणित

विजयदुर्गाची खाडी नकाशावर पाहिली की मराठा आरमाराने हीच जागा का धरली ते लगेच कळतं. वाघोटन नदी इथे समुद्राला मिळते. दक्षिण काठाचं भूशीर उत्तरेकडे सरकत जातं, त्याच्या टोकावर किल्ला आणि किल्ल्याच्या पूर्वेला आडोशाला बंदर. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्याचा मारा भूशीर आणि किल्ला झेलतात. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचतो, मग भरतीची वाट पाहिल्याशिवाय मोठं गलबत आत येत नाही. इथे तो दांडा नाही. १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेरिया घेऊन त्याचा विजयदुर्ग केला. पुढे आंग्र्यांचं आरमार इथे नांदलं आणि १७५६ मध्ये याच बंदरात जळालं.

या किल्ल्यावर काही ओटे आहेत. गावात त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर याच ओट्यांवर दुर्बीण मांडून बसला आणि त्याने हेलियम शोधला, असं सर्रास सांगितलं जातं. दरवर्षी त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिवसही साजरा होतो.

खग्रास पट्टा विजयदुर्गावरून गेला, एवढं खरं. पण तारीख पुन्हा वाचा: १८ ऑगस्ट. ऐन श्रावणात कोकण किनाऱ्यावर दुर्बीण मांडायची म्हणजे ढगांशी जुगार. त्या ग्रहणाच्या मोहिमा घाटापलीकडे जमखंडीला, पार पूर्वेला गुंटूरला गेल्या त्या उगाच नव्हे. लॉकियर तर तेव्हा इंग्लंडमध्येच होता.

गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा उजेड रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या रेषा त्याला इतक्या झगझगीत दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असं त्याच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या दिसल्याही. कारण साधं आहे. उजेड रंगांत फोडणारा वर्णपटमापक आकाशाचा विखुरलेला उजेड सगळ्या रंगांत पसरून फिका करतो. ज्वाळेचा उजेड मात्र मोजक्या रेषांतच असतो, तो फिका पडत नाही. लॉकियरने हीच युक्ती स्वतंत्रपणे वापरून २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमधून, ग्रहणाविना, त्या रेषा पाहिल्या.

त्यांत एक पिवळी होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर येतात, ही ५८७.६ वर. जवळच्या रेषेशी फरक दीड नॅनोमीटरहून कमी, त्यामुळे ग्रहणात घाईने पाहणाऱ्याला ती सोडियमचीच वाटणार. निवांत मोजल्यावर ती जुळेना, आणि पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. १८९५ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेला क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा कुठे हे नवं मूलद्रव्य, म्हणजे हेलियम, खरंच आहे का ही शंका फिटली.

मग ओट्यांचं काय? लॉकियर विजयदुर्गला आला होता, पण तीस वर्षांनी: २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. जानेवारी, म्हणजे आभाळ निरभ्र. ‘मेल्पोमिनी’ ही ब्रिटिश युद्धनौका मदतीला होती आणि तिच्या खलाशांना उपकरणांवर नेमलं होतं. ओटे या मोहिमेशी जोडले तर गणित बसतं. जड दुर्बीण भुसभुशीत जमिनीवर किंचित जरी खचली, तरी फोटो फुकट.

खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. एकाने मोठ्याने सेकंद मोजायचे, एकाने झाकण उघडायचं, एकाने काचेची प्लेट बदलायची. एक हात चुकला की पुढचं सगळं कोलमडतं. म्हणून आधी सराव. मुख्य उपकरण लोलकाचा कॅमेरा. यात भिंगापुढे लोलक असतो; एरवी उजेड ज्या बारीक फटीतून आत घेतात, ती फट नसतेच. सूर्याची उरलेली बारीक कोर हीच फट. म्हणून रेषांऐवजी प्लेटवर कमानी उमटतात, प्रत्येक रंगाची एक. त्या काळच्या साध्या प्लेटांना पिवळा रंग फारसा कळत नसे, निळा मात्र छान उमटे. हेलियमची एक ठळक रेषा निळ्यातही आहे, ४४७.१ नॅनोमीटरवर. अशा प्लेटांवर हेलियम शोधायचा तो तिथे.