शेजारप्रीती

शेजारप्रीती : ‘तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही ख्रिस्ती नीतीची मुख्य आज्ञा आणि तिच्यावर उभा राहिलेला आचारविचार. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या जाणकाराने, विचारले तेव्हा येशूने दोन सांगितल्या : देवावर पूर्ण मनाने प्रीती करणे आणि शेजाऱ्यावर प्रीती करणे. सगळे नियमशास्त्र व संदेष्टे, म्हणजे यहुदी धर्मग्रंथांतील शिकवण, या दोहोंवर अवलंबून आहेत, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात (२२:४०) तो म्हणतो.

दोन्ही वचने यहुदी धर्मशास्त्रातली आहेत. पहिले ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले, दुसरे लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायातले. याच अध्यायात शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावे, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, मापात पाप करू नये, असेही बजावले आहे. येशूने जुने कठोर नियमशास्त्र बाजूला सारून प्रेमाचा धर्म आणला, ही सर्रास केली जाणारी मांडणी म्हणूनच यहुदी परंपरेवर अन्याय करणारी आहे. येशूचे वेगळेपण दिसते ते ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला त्याने दिलेल्या उत्तरात.

ते लूकच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला मारून अर्धमेला टाकले. याजक आला, बाजूने निघून गेला. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, आला, त्यानेही तेच केले. मग एक शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस, आला. यहुदी व शोमरोनी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. उपासना यरुशलेमेत करावी की गरिज्जीम डोंगरावर, इथपासून वाद. या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. दुसऱ्या दिवशी दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, मालकाच्या हाती ठेवून अधिक खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला. शेवटी येशू प्रश्नच फिरवतो : या तिघांपैकी शेजारी झाला कोण? प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द निघत नाही; ‘ज्याने दया केली तो’ एवढेच तो म्हणतो. शेजारी हा घराच्या अंतरावरून किंवा जातीवरून ठरत नाही, आपण होऊन शेजारी व्हावे लागते, हा या कथेचा गाभा आहे. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात तर वैऱ्यांवरही प्रीती करा, अशी आज्ञा आहे. कारण देव आपला सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो.

आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाने प्रीतीला नियमशास्त्राची पूर्णता म्हटले. डोळ्यांना दिसणाऱ्या भावाचा द्वेष करणाऱ्याचे देवावर प्रेम असूच शकत नाही, असे योहानाच्या पहिल्या पत्रात रोखठोक सांगितले आहे.

तिसऱ्या शतकातील महामारीत अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती लोकांनी रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतःचे जीव गमावले, असे तिथला बिशप डायोनिशियस लिहितो. तो स्वपक्षाचा साक्षीदार. पण रोमन सम्राट जूलियन हा तर ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता. हे लोक आपल्याबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, याची लाज त्याने ३६२च्या सुमारास आपल्याच पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात बोलून दाखवली. त्यामुळे त्याच्या साक्षीला वजन अधिक.

या तत्त्वाचा विपर्यासही झाला. ‘प्रीती कर आणि मग हवे ते कर’ असे सांगणाऱ्या संत ऑगस्टीनने डोनेटस पंथीयांवरच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या एका फुटीर ख्रिस्ती पंथावरच्या, सक्तीचे समर्थनही प्रीतीच्याच नावाने केले. आत्म्याच्या भल्यासाठी देहाला यातना द्याव्यात, या तर्काला पुढे धर्मन्यायालयांचे (इन्क्विझिशनचे) रूप आले. १५६०मध्ये गोव्यातही इन्क्विझिशन आले. ज्याच्यावर प्रीती करायची त्याचीच संमती वगळली की आज्ञेत काहीच उरत नाही, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२०मध्ये लिहिले की, श्रद्धेमुळे ख्रिस्ती माणूस कोणाचाही अंकित नाही आणि प्रीतीमुळे तो सर्वांचा सेवक आहे. विसाव्या शतकात वैऱ्यावरील प्रीतीची खरी कसोटी अमेरिकेत लागली. माँटगोमेरीतील बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्काराच्या काळात, जानेवारी १९५६मध्ये, त्या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब फेकला गेला. संतापलेला जमाव शस्त्रे घेऊन जमला, तेव्हा ओसरीतून त्यांनी लोकांना शस्त्रे घरी न्यायला आणि वैऱ्यांवर प्रीती करायला सांगितले. वैरी आवडलाच पाहिजे असे नाही, त्याचे भले इच्छिणे म्हणजे प्रीती, असे ते समजावत. त्यांच्या लेखी अन्यायाचा प्रतिकार हा प्रीतीचाच भाग होता.

महाराष्ट्रात या विचाराचा सर्वांत ठसठशीत आविष्कार पंडिता रमाबाईंच्या कामात दिसतो. इंग्लंडमध्ये असताना लंडनमधील फुलमच्या आश्रमात समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी सांभाळताना त्यांनी पाहिल्या. हे तुम्ही का करता, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची, योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात हा प्रसंग नोंदवला आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली व बालविधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तिथे शेती, विणकाम, छपाई शिकवली जाई, अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई, आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हे वेगळे घर होते.